मायोस्फेरॉइड म्युटंटमध्ये स्नायू नीट तयार होतात, मग त्यांचे गोळे का होतात?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापुरातच एमएस्सी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय की डिझर्टेशनसाठी ड्रोसोफिलाचा, म्हणजे फळमाशीचा, मायोस्फेरॉइड या जीनमध्ये बिघाड (म्युटेशन) असलेला म्युटंट स्टॉक मागवला, पण बाटलीतल्या सगळ्या माशा धडधाकट आहेत, म्युटंट माशी एकही दिसत नाही, तर स्टॉक खराब झालाय का. दुसरं, 'हा जीन स्नायू तयार करतो' असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलं तर गाईडनी ते वाक्य खोडलं, ते का. तिसरं, कॉलेजात कॉन्फोकल (लेझरवर चालणारा मायक्रोस्कोप) नाही, तर यावर काय करता येईल. आणि शेवटचं, व्हायवाला 'याचा माणसाला काय उपयोग' असं विचारलं तर काय सांगायचं.

मी फळमाशीच्या स्नायूंवर बरीच वर्षं काम केलंय, आता इथंच शिकवते, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुझा स्टॉक खराब झालेला नाही. उलट तू जे सांगतोयस ते स्टॉक बरोबर असल्याचं लक्षण आहे. मायोस्फेरॉइड हा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे. मादीला दोन एक्स असतात, त्यातल्या एकावर म्युटेशन आणि दुसरा एफएम७ हा बॅलन्सर, म्हणजे जीनची नॉर्मल कॉपी असलेला आणि म्युटेशन स्टॉकमध्ये टिकवून धरणारा खास एक्स, म्हणून ती जगते. नराला एकच एक्स, त्यावर म्युटेशन आलं की झाकायला दुसरी कॉपी नाही, तो अंड्यातनं बाहेरच येत नाही. म्हणजे बाटलीत जे नर दिसतात ते सगळे एफएम७वाले, आणि एफएम७वर बार हे डोळ्याचं म्युटेशन असल्यामुळं त्यांचे डोळे बारीक पट्टीसारखे दिसणार. ज्या माद्यांमध्ये एक एफएम७ आणि एक म्युटंट एक्स आहे त्यांचा डोळा मधे खाच पडल्यासारखा दिसतो. काळजी कधी करायची, तर बाटलीत गोल डोळ्यांचा नर फिरताना दिसला की. तेव्हा एकतर दुसऱ्या स्टॉकमधली माशी घुसलीय नाहीतर तुला मिळालेला अ‍ॅलील (जीनचं ते रूप) अर्धवट चालणारा आहे. तेवढं दर पिढीला बघत जा, पाच मिनिटांचं काम आहे पण न बघितल्यामुळं लोकांची अख्खी वर्षं वाया गेलेली आहेत.

तर म्युटंट शोधायचे ते माश्यांमध्ये नाही, अंड्यांमध्ये. तुझ्या स्टॉकमधली साधारण चौथाई अंडी म्युटंट नर असतात, ती फुटत नाहीत आणि तू ती अंडी कधी बघितलीच नाहीस म्हणून म्युटंट नाहीत असं वाटतंय.

आता गाईडनी वाक्य का खोडलं ते. माझ्या मते तुझ्या सगळ्या डिझर्टेशनचा जीव याच मुद्द्यात आहे, म्हणून इथं जास्त वेळ घेते.

२५ डिग्रीला अंडं घातल्यापासनं अळी बाहेर यायला साधारण २२ ते २४ तास लागतात. यात मायोब्लास्ट नावाच्या पेशी एकमेकींत मिसळून एकेक स्नायू बनतो. माशीच्या भ्रूणात प्रत्येक स्नायू म्हणजे एकच लांब, अनेक केंद्रकं असलेली पेशी. पोटाच्या दुसऱ्या ते सातव्या खंडात प्रत्येक बाजूला असे ३० स्नायू, आणि प्रत्येकाची जागा, लांबी, दिशा ठरलेली, म्हणून हे सगळं अभ्यासायला इतकं सोयीचं आहे, एक जरी स्नायू हलला तरी लक्षात येतं. स्नायूची दोन्ही टोकं त्वचेतल्या ठराविक पेशी शोधत जातात, त्यांना टेंडन सेल म्हणतात. त्या पेशींची ओळख स्ट्राइप नावाच्या जीननं ठरते, आणि स्नायूचं टोक तिथं पोचलं की ते व्हेन नावाचा सिग्नल सोडतं आणि मग टेंडन सेल पक्की होते. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या तलिला व्होल्क यांच्या लॅबनं यातला बराच भाग उलगडलाय, त्यांचे पेपर वाच, भाषा सोपी आहे.

तर मायोस्फेरॉइडचा म्युटंट भ्रूण इथपर्यंत स्नायूंच्या बाबतीत जवळजवळ नॉर्मलच असतो. मायोब्लास्ट मिसळतात, स्नायू बनतात, टोकं जिथं जायची तिथंच जातात, चिकटतात पण. मग साधारण १४-१५ तासांच्या आसपास स्नायूंना पहिले झटके यायला लागतात, हळूहळू ते वाढतात, आणि नेमकं तेव्हा म्युटंटमध्ये एकेक स्नायू टोकाकडनं सुटायला लागतो. सुटला की आकसतो, आणि थोड्या वेळात त्याचा गोळा होतो. थिओडोर राइट यांनी १९६० मध्ये हा म्युटंट सविस्तर वर्णन केला, तेव्हा त्यांना भ्रूणात हे गोल स्नायूच दिसले होते आणि जीनचं नाव त्यावरनंच पडलं.

म्हणजे बघ, स्नायू बनण्याची पायरी झालेली आहे. जागा शोधण्याची पायरी झालेली आहे. जे जमलं नाही ते ओढ लागल्यावर धरून ठेवणं. 'जीन स्नायू तयार करतो' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं म्युटंटमध्ये स्नायू नसणारच, आणि स्लाइड बघितली तर तिथं तर स्नायू भरपूर आहेत, फक्त गोळे होऊन पडलेत. म्हणून खोडलंय, आणि बरोबर खोडलंय.

राइट यांच्या पेपरनंतर २८ वर्षं हा जीन कुठलं प्रोटीन बनवतो ते कळलं नव्हतं. दुसरीकडं मायकल विलकॉक्स आणि डॅनी ब्राउअर वगैरे मंडळींनी १९८१ मध्ये माशीच्या पंखाच्या डिस्कवर (अळीतला पेशींचा थर, ज्यातनं पुढं पंख बनतो) अँटिबॉडी वापरून काही प्रोटीन शोधली होती जी डिस्कच्या ठराविक भागातच दिसायची, म्हणून त्यांना पोझिशन स्पेसिफिक म्हणजे पीएस अँटिजेन म्हणायचे. तिसरीकडं सस्तन प्राण्यांच्या पेशी बाहेरच्या फायब्रोनेक्टिन या प्रोटीनला कशा चिकटतात यावर काम चाललेलं, त्यातनं १९८६ मध्ये इंटिग्रिन हे नाव आलं. हे तिन्ही धागे १९८८ मध्ये एकत्र आले, लॉस एंजेलिसच्या जॉन आणि लिझेलॉट फेसलर यांच्या गटानं मायोस्फेरॉइड क्लोन केला आणि तो निघाला इंटिग्रिनचा बीटा भाग, आता आपण त्याला बीटा-पीएस म्हणतो. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो कारण भ्रूणातले गोळे बघणारा माणूस, पंखावर अँटिबॉडी टाकणारे लोक आणि पेशी प्लेटला का चिकटतात ते शोधणारे लोक, कुणालाही आपण एकाच रेणूवर काम करतोय याची कल्पना नव्हती.

इंटिग्रिन काय करतं ते नीट समजून घे. ते पेशीच्या पडद्यातनं आरपार गेलेलं प्रोटीन आहे, एक अल्फा आणि एक बीटा अशी जोडी. बाहेरचं टोक मॅट्रिक्सला (पेशींबाहेरच्या प्रोटीनच्या जाळीला) धरतं, आतलं टोक टॅलिनसारख्या प्रोटीनमार्फत पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनला. आता स्नायू आणि टेंडन सेल यांच्यातला जोड कसा असतो तर रस्सीखेच आठव. दोन्ही बाजूचे गडी एकमेकांचे हात धरत नाहीत, दोघंही मधला दोर धरतात. इथं मधला दोर म्हणजे दोन पेशींमधलं मॅट्रिक्स, आणि हाताचे पंजे म्हणजे इंटिग्रिन. नुसतं उभं राहायचं असतं तोवर पंजे ढिले असले तरी चालतं, शिट्टी वाजली आणि ओढ लागली की ज्याची पकड सुटली तो गट मागं एका ठिकाणी ढीग होऊन पडतो. म्युटंट स्नायूचं हेच होतं.

जोडाच्या दोन्ही बाजूंना बीटा तोच असतो पण अल्फा वेगळा, स्नायूच्या बाजूला अल्फा-पीएस२, ज्याचा जीन इन्फ्लेटेड, आणि टेंडन सेलच्या बाजूला अल्फा-पीएस१, ज्याचा जीन मल्टिपल इडिमॅटस विंग्ज. बीटा गेला की दोन्ही बाजूंची पकड गेली, म्हणून मायोस्फेरॉइडचा परिणाम एवढा जोरदार दिसतो. मधल्या मॅट्रिक्समध्ये टिग्रिन असतं, थ्रॉम्बोस्पॉन्डिन असतं, लॅमिनिन असतं. थ्रॉम्बोस्पॉन्डिन टेंडन सेल सोडते आणि ते अल्फा-पीएस२ला धरतं, ते नसलं तरी स्नायू सुटतात.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे जोड नेमका कुठं तुटला ते बघून कुठली कडी गेली ते सांगता येतं. बीटा-पीएस नसेल तर स्नायूचा पडदाच मॅट्रिक्सपासनं सुटतो, म्हणजे पूर्ण पेशी निघून येते. टॅलिन नसेल, माशीत त्याचा जीन ऱ्हिया, तर इंटिग्रिन मॅट्रिक्सला धरून राहतं पण आतला सांगाडा त्याच्यापासनं वेगळा होतो. आणि इंटिग्रिन लिंक्ड कायनेज म्हणजे आयएलके नसेल तर पडदा जागच्या जागी आणि अ‍ॅक्टिन आतल्या आत पडद्यापासनं निघून आकसलेलं दिसतं, हे केंब्रिजच्या निक ब्राउन यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं, आणि त्यात अजून एक गंमतीची गोष्ट अशी की नावात कायनेज (दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारं एन्झाइम) असूनसुद्धा माशीत ते काम कायनेज अ‍ॅक्टिव्हिटीशिवाय होतं. तिन्ही म्युटंट साध्या नजरेला 'स्नायू सुटलेत' असेच दिसतात, पण आत बघितलं तर तीन वेगवेगळ्या जागी तुटलेले असतात. व्हायवामध्ये हे सांगितलंस तर समोरच्याला कळेल की तू नुसतं फिनोटाइपचं (दिसणाऱ्या परिणामाचं) नाव पाठ केलेलं नाहीस.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेव, नाहीतर वर सांगितलेलं जास्तच सरळ वाटेल.

एक, आईकडनं आलेलं प्रोटीन. म्युटंट भ्रूणाची आई स्वतः अर्धी नॉर्मल आहे, तिनं अंड्यात बीटा-पीएसचा साठा भरून ठेवलेला असतो. तुझ्या म्युटंटमध्ये सुरवातीचं सगळं नीट होतं त्यामागं या साठ्याचाही हात आहे. आईकडचा साठाही काढून टाकला, म्हणजे जर्मलाइन क्लोन केले (आईच्या अंडी बनवणाऱ्या पेशींतही जीन बंद ठेवला), तर बिघाड आधीपासनं आणि जास्त ठिकाणी दिसतो. त्यामुळं 'सुरवातीच्या पायऱ्यांना इंटिग्रिन लागतच नाही' असं वाक्य तुझ्या स्टॉकवरनं लिहू नकोस. 'भ्रूणाचा स्वतःचा जीन बंद असताना या पायऱ्या पार पडतात' एवढंच लिही.

दुसरं, म्युटंटमध्ये फक्त स्नायू सुटत नाहीत. पाठीकडनं भ्रूण बंद व्हायचं काम नीट होत नाही, पाठीला भोक राहून आतडं बाहेर आलेलं दिसतं, मध्यांत्राचा आकारही बिघडतो. पाठ बंद होण्याच्या प्रक्रियेत इंटिग्रिन काय करतं यावर मैथ्रेयी नरसिंह आणि ब्राउन यांचा २००४ चा पेपर आहे, नरसिंह यांची लॅब मुंबईत टीआयएफआरला आहे, त्यांचं काम जरूर बघ. आणि स्नायूच्या आतसुद्धा इंटिग्रिन लागतं, १९९० मध्ये व्होल्क आणि फेसलर यांनी दाखवलं की मायोस्फेरॉइड नसलेल्या स्नायूपेशींमध्ये सार्कोमिअरच्या (स्नायूतल्या आकसणाऱ्या छोट्या भागांच्या) झेड पट्ट्या नीट बसत नाहीत. म्हणजे 'फक्त चिकटवायचं काम' असंही म्हणून चालणार नाही. एवढं असूनही तुझ्या भ्रूणात डोळ्यांना जे दिसणार त्यातली मुख्य गोष्ट ओढ लागल्यावर पकड सुटणे हीच आहे, आणि तुझा सगळा प्रयोग त्याभोवती बांध, म्हणजे दोन वेळा निवड, पहिल्या झटक्यांच्या आधीची आणि नंतरची. एकाच वेळी फोटो काढून गोळे दाखवलेस तर ते १९६० चंच काम झालं. आधी जोडलेले आणि नंतर सुटलेले असं दाखवलंस तर त्यात एक म्हणणं आहे.

पण इथं एक अडचण येणार. आधीच्या वेळेला म्युटंट नॉर्मलसारखाच दिसतो, मग यातला म्युटंट कुठला हे ओळखायचं कसं? गोळे बघून ओळखणार म्हटलं तर जे सिद्ध करायचंय तेच आपण आधी गृहीत धरतोय. म्हणून खूण असलेला बॅलन्सर घे. फ्लुरोसन्स असेल तर जीएफपीवाला एफएम७, चमकत नाही तो म्युटंट. फ्लुरोसन्स नसेल तर लॅकझेडवाला एफएम७ मिळतो, त्याला एक्स-गॅलनं रंगवलं की बॅलन्सरवाले भ्रूण निळे होतात आणि म्युटंट बिनरंगी राहतात, साध्या मायक्रोस्कोपवर दिसतं. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या स्टॉक सेंटरला हे सगळे स्टॉक असतात, मागवताना आताच्या स्टॉकबरोबर हाही मागव. आपल्याकडं बंगळुरूच्या एनसीबीएसला फ्लाय फॅसिलिटी आहे, पुण्याच्या आयसरला माशीवर काम करणारे लोक आहेत, तिथं गाईडमार्फत विचारलं तर बऱ्याचदा कुणीतरी स्टॉक वाटून देतं, माशीवाल्यांच्यात ही पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे.

कॉन्फोकल नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, राइट यांच्याकडंही नव्हता.

सगळ्यात साधं म्हणजे अंडी मोजणं. ज्यूस-अगारच्या प्लेटवर अंडी घालून घे, ओळीनं मांड, ३६ तासांनी न फुटलेली मोज. चौथाईच्या आसपास यायला पाहिजेत. पण नॉर्मल स्टॉकचीही काही अंडी फुटत नाहीतच, म्हणून त्याच दिवशी, त्याच प्लेटच्या बॅचवर वाइल्ड टाइपची (म्युटेशन नसलेल्या माशांची) अंडी मांडायचीच, नाहीतर काय-स्क्वेअर टेस्टला (आकडे अपेक्षेशी जुळतात का ते तपासणारी चाचणी) काही अर्थ नाही.

दुसरं पोलराइज्ड लाइट. स्नायूतल्या मायोसिनच्या रांगांमुळं त्यांना बायरिफ्रिंजन्स असतो, म्हणजे दोन आडवे-उभे पोलराइड लावले की मागचं सगळं काळं होतं आणि स्नायू तेवढे उजळतात. फिजिक्स डिपार्टमेंटकडं पोलराइडचे तुकडे पडलेले असतात, एक कंडेन्सरखाली, एक वर, आणि झालं. भ्रूण फिक्स करून, अल्कोहोलमधनं नेऊन मिथाइल सॅलिसिलेटमध्ये पारदर्शक करायचा, हे विंटरग्रीनचं तेल म्हणून मिळतं, पण हातमोजे घाल आणि खिडकी उघडी ठेव. नॉर्मलमध्ये स्नायूंच्या तिरक्या-उभ्या रेघा सुंदर दिसतात, म्युटंटमध्ये रेघांच्या जागी ठिपके. पद्धत उशिराच्या भ्रूणांवर चांगली चालते, लवकरच्या वेळेला सार्कोमिअर अजून पक्के नसतात त्यामुळं उजेड कमी मिळतो, तिथं मायोसिनची अँटिबॉडी आणि डॅबचा तपकिरी रंग वापर, तोही साध्या मायक्रोस्कोपवर दिसतो.

पुढं कधी कॉन्फोकल मिळाला आणि फॅलॉइडिननं अ‍ॅक्टिन रंगवायचं ठरवलंस तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेव, अंड्याचं आतलं कवच काढायला सगळे प्रोटोकॉल मिथेनॉल सांगतात आणि मिथेनॉलनं फॅलॉइडिनचं रंगणं जातं. ८० टक्के इथेनॉलनं नाहीतर सुईनं हातानं कवच काढावं लागतं. हाताला सवय लागायला वेळ लागतो, आधी वाइल्ड टाइपवर शीक.

तिसरं, आणि कॉलेजच्या सोयीत बसणारं सगळ्यात चांगलं काम म्हणजे पंख. माशीचा पंख म्हणजे त्वचेचे दोन थर, वरचा आणि खालचा, ते एकमेकांना याच इंटिग्रिननं धरलेले असतात, वरच्यात अल्फा-पीएस१, खालच्यात अल्फा-पीएस२, बीटा दोन्हीकडं तोच. प्यूपामध्ये ही पकड बसली नाही तर माशी बाहेर येऊन पंख पसरताना मधे द्रव भरतो आणि पंखावर फोड येतो. पूर्ण म्युटंट जगत नाही म्हणून इथं आरएनएआय (जीनचा संदेश अडवून त्याचं प्रोटीन कमी करायची पद्धत) वापरायचं, नबिन-गॅल४ सारखा पंखापुरता चालणारा ड्रायव्हर (यूएएस जोडलेला जीन ठराविक जागीच चालू करणारा) आणि यूएएस-मायोस्फेरॉइड-आरएनएआय यांचा क्रॉस. माशी जगते, उडत नाही, आणि फोड स्टिरिओ मायक्रोस्कोपवर सहज मोजता येतो. गॅल४ला तापमान जास्त असेल तसा जोर येतो, म्हणून १८, २५ आणि २९ डिग्री अशा तीन ठिकाणी तोच क्रॉस वाढवलास तर पकड कमी-कमी होत गेली की फोड कसा वाढतो याचा ग्राफच मिळेल. मोजायची वेळ सगळ्या बाटल्यांना एकच ठेव, कारण काही फोड नंतर बसतात आणि फक्त सुरकुती उरते, उशिरा बघितलं तर ते सुटून जातात. ड्रायव्हर एकटा आणि आरएनएआय एकटा असे दोन्ही कंट्रोल तिन्ही तापमानांना पाहिजेत. हो, काम तिप्पट होतं, पण त्याशिवाय ग्राफ कुणी मानणार नाही.

कोल्हापूरच्या हवेबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये खोलीचं तापमान ३५च्या वर जातं, तिशीच्या पुढं नर माशा नापीक व्हायला लागतात, आणि लोक म्हणतात क्रॉस लागत नाही. लाइट गेली की बीओडी इन्क्युबेटरचं दार उघडू नका, आतलं तापमान बराच वेळ टिकतं. तापमानावर चालणारा प्रयोग करतोयस म्हणून आत एक साधा किमान-कमाल थर्मामीटर ठेव आणि रोज वहीत लिही, आकड्याच्या डिस्प्लेवर विसंबून राहू नकोस. जुलै-ऑगस्टच्या पावसात बुरशी आणि माइट्स, दोन्ही येतात. निपाजिन आणि प्रोपिऑनिक अ‍ॅसिड ही बुरशी रोखणारी रसायनं मीडियम (माशांचं खाद्य) जरा निवल्यावर घाल, उकळत्यात घातलं तर प्रोपिऑनिक वाफेबरोबर निघून जातं. मीडियमला आपल्याकडं गूळ मुबलक आहे, मक्याचं पीठ नाहीतर रवा, गूळ, अगार आणि यीस्ट यावर माशा छान वाढतात. मी मात्र पिवळाधमक गूळ घेत नाही, रंग उजळायला हायड्रॉस पावडर घातलेली असू शकते आणि प्रयोगाच्या मीडियममध्ये मला ते नको असतं, काळसर साधा गूळ घे आणि सगळा प्रयोग संपेपर्यंत पुरेल एवढा एकदमच आणून ठेव. म्युटंट स्टॉक कायम दोन वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचा, आणि शक्य असेल तर दुसरा ट्रे दुसऱ्या खोलीत.

आता माणसाचा प्रश्न. व्हायवात हा येणारच, आणि बरेच विद्यार्थी इथं घाबरून 'यामुळं मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर औषध सापडेल' असं काहीतरी बोलून जातात. ते बोलू नकोस. माशीत दोन बीटा आणि पाच अल्फा आहेत, माणसात आठ बीटा आणि १८ अल्फा, त्यांच्या मिळून २४ जोड्या. बीटा-पीएसच्या जवळचा आपला बीटा१, तो उंदरात पूर्ण काढला तर गर्भ रुजल्यावर लगेच मरतो, हे १९९५ चं काम. म्हणून सस्तन प्राण्यात थेट प्रश्न विचारणं अवघड जातं आणि माशी उपयोगी पडते. स्नायूंच्या बाबतीत आपल्याकडं मुख्य जोडी अल्फा७-बीटा१. उंदरात अल्फा७ काढल्यावर स्नायूंचा क्षय दिसला आणि त्यातला बिघाड स्नायू जिथं टेंडनला जोडला जातो तिथं ठळक होता, १९९७. पुढच्या वर्षी जपानमधल्या जन्मजात स्नायूदोष असलेल्या काही रुग्णांत अल्फा७च्या जीनमध्ये म्युटेशन सापडली. ही माशीतल्या गोळ्यांची थेट नक्कल नाही, आपल्या स्नायूत डिस्ट्रोफिन या प्रोटीनची दुसरी पकडही आहे (माशीतही आहे), शिवाय माणसात जन्मानंतर वर्षानुवर्षं झीज होत जाते, माशीच्या भ्रूणात काही तासांत सगळं संपतं. साम्य आहे ते तत्त्वात, स्नायू बनणं वेगळं आणि भार सोसून जोडलेलं राहणं वेगळं.

स्नायू सोडून बघितलं तर इंटिग्रिनचे आजार आणि औषधं भरपूर आहेत. बीटा३ किंवा त्याच्या जोडीदारात दोष असला की ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया, प्लेटलेट असूनसुद्धा रक्त थांबत नाही. बीटा२मध्ये दोष असला की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरू शकत नाहीत आणि बाळाला परत परत इन्फेक्शन होतं. फायब्रोनेक्टिनमध्ये इंटिग्रिन ज्याला धरतं तो तीन अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा, आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टेट, १९८४ मध्ये सापडला, माशीचं अल्फा-पीएस२सुद्धा टिग्रिनमधल्या याच तुकड्याला धरतं. आणि हार्ट अटॅकच्या पेशंटला अँजिओप्लास्टीच्या वेळी देतात ते टिरोफिबान याच तुकड्याची नक्कल करून प्लेटलेटच्या इंटिग्रिनची पकड अडवतं. कोल्हापुरातल्या कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे औषध माहीत असेल. २०२२ चा लास्कर पुरस्कार रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना इंटिग्रिनच्या शोधासाठीच मिळाला. हे सांग, पुरेसं आहे, आणि यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे त्यामुळं पुढचा प्रश्न आला तरी तुला मागं सरावं लागणार नाही.

वेळेचा हिशेब म्हणशील तर एका सेमिस्टरमध्ये भ्रूण आणि पंख दोन्ही पूर्ण होणार नाही. मी तुझ्या जागी असते तर पंखाचा क्रॉस लगेच लावला असता, कारण २५ डिग्रीला दहा दिवसांत पिढी होते आणि आकडे हातात यायला लागतात, १८ला मात्र जवळजवळ दुप्पट वेळ धर. दरम्यान लॅकझेडवाला बॅलन्सर मागवायचा, तो आला की तुझ्या म्युटंट माद्या त्याच्या नरांशी क्रॉस करून नवा स्टॉक बांधायचा, आणि भ्रूणाचं काम दोनच वेळांवर ठेवायचं, १३ तास आणि २० तास, अंडी घालायची खिडकी एका तासाची, नाहीतर वयं मिसळतात आणि आधी-नंतरचा फरकच पुसला जातो. सिनॉप्सिसमधलं खोडलेलं वाक्य असं कर: 'मायोस्फेरॉइड जीन स्नायूंच्या टोकांची जोडणी आकुंचनाच्या ताणाखाली टिकवून धरण्यासाठी आवश्यक आहे.' गाईडना दाखव, आणि पंखाचे पहिले आकडे आले की इथंच टाक, कंट्रोलसकट, मी बघून सांगते.